टेकू कसा, झोळ किती

या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. लिहिणारी माणसं वेगळी, गावं वेगळी, पण पाचही जणांचं दुखणं एकाच जागेचं आहे: तुळई, स्लॅब किंवा फळी टोकाला कशी धरली आहे, तिथलं. घराचं काम काढलं की सिमेंट कुठलं आणि सळई कुठली यावर माणसं तासभर बोलतात. टोकाला काय केलंय, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे बेळगावात मालकाशी बोलणं मराठीत, नकाशा इंग्रजीत आणि गवंड्याशी हुज्जत कानडीत चालते. टोकाचा विषय तिन्ही भाषांत राहून जातो.

प्रश्न : मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला सॉफ्टवेअरमध्ये 5 मीटरचा बीम घेतला. 230 बाय 450 मिमीचा, एम-20 काँक्रीट, मीटरला 20 किलोन्यूटन भार. दोन्ही टोकं पिन दिली तर मधला झोळ 4.2 मिमी येतो, फिक्स्ड दिली तर 0.8. बीम तोच, भार तोच, एक बटण बदललं एवढंच. खरं उत्तर कुठलं? सरांना विचारलं तर म्हणाले, प्रश्नात जे दिलंय ते घे.
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : सरांचं बरोबर आहे, पण परीक्षेपुरतं. परीक्षेत टेकू छापूनच येतो. त्रिकोण असला की पिन, त्रिकोणाखाली गोल असले की रोलर, रेघोट्यांची भिंत असली की फिक्स्ड. साइटवर त्रिकोण कुठला? तिथं 9 इंची भिंत असते, नाहीतर 230 बाय 300 चा कॉलम. तो कुठल्या जातीचा टेकू म्हणायचा, हे तूच ठरवायचं असतं.

बीमच्या टोकाला तीन हालचाली करता येतात: आडवं सरकणं, वरखाली जाणं आणि फिरणं. रोलर फक्त वरखाली जाणं अडवतो. पिन सरकणंही अडवते, फिरणं मात्र मोकळं सोडते, दाराच्या बिजागरीसारखं. फिक्स्ड तिन्ही अडवतो. हातभर जमिनीत गाडलेली मेढ तशी असते. तुझ्या दोन उत्तरांतला सगळा फरक एकट्या फिरण्यानं पडलाय. खात्री करायची तर एका टोकाची पिन काढून रोलर दे. आडव्या सरळ बीमवर उभा भार असेल तर 4.2 चं 4.2 च राहील.

घरीही करून बघता येतं. स्टीलची लांब पट्टी दोन विटांवर ठेव आणि मधे बोटानं दाब. मधे बघू नकोस, टोकांकडे बघ. विटांवरची टोकं वर उचलली जातात. आता प्रत्येक टोकावर आणखी दोन-दोन विटा दाबून ठेव आणि तेवढ्याच जोरानं मधे दाब. टोकं उचलता येत नाहीत, म्हणून मधला झोळही कमी पडतो. माझ्या हाताखाली नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मी हेच करायला लावायची. काही जणांना राग यायचा.

आता सूत्राकडे बघ. भार गुणिले लांबीचा चौथा घात भागिले ईआय (बीमचा ताठपणा), हे दोन्हीकडे सारखंच. पुढचा आकडा तेवढा वेगळा: पिनला 5/384, फिक्स्डला 1/384. मी हे असं वाचते: बीम मोकळा असताना 5 भाग झोळतो. टोकं घट्ट धरली की तिथं उलटं मोमेंट, म्हणजे वाकवू पाहणारा जोर, तयार होतं आणि ते मधला भाग 4 भाग वर उचलतं. उरतो 1. हे चार भाग टोकाच्या पकडीनं दिलेले आहेत, बीमनं नव्हे. पकड अर्धीच असली तर 4 च्या जागी 2 च भाग उचलले जातात आणि 3 उरतात, म्हणजे तुझ्या बीमला 2.5 मिमी. एक टोक फिक्स्ड आणि दुसरं पिन असेल तर दोनाहून थोडे जास्त भाग, म्हणजे 1.7 मिमी. आणि एक टोक फिक्स्ड ठेवून दुसऱ्याखालचा टेकू काढूनच टाकलास तर तोच बीम टोकाला 40 मिमी खाली येतो. एकच बीम, एकच वजन, 0.8 पासून 40 पर्यंत.

तर खरं कुठलं? बहुतेक घरांत दोन्ही नाही, मधलं काहीतरी. बीम नुसता विटांच्या भिंतीवर बसवला असेल तर पिन धर, वाद नको. कॉलममध्ये गेला असेल तर दोन गोष्टी बघ. वरच्या सळ्या वाकवून कॉलममध्ये पुरेशा लांब नेल्या आहेत का? आणि कॉलम बीमच्या मानानं जाड आहे का? 450 खोलीचा बीम आणि त्याला धरायला 230 चा किडमिडा कॉलम असेल तर बीम फिरताना कॉलमलाही घेऊन फिरतो. बारीक पोरानं तालमीतला पैलवान धरून ठेवावा तसं ते. मधल्या कॉलमवर मात्र दोन्हीकडून सारखे बीम येत असतील आणि भारही सारखा असेल तर फिरायला वावच राहत नाही. तिथं फिक्स्ड धरलंस तर फारसं चुकणार नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते. शंका असली की दोन्ही गणितं मांडते. मधल्या खालच्या सळ्या पिन धरून आणि टोकाच्या वरच्या सळ्या पकड धरून. आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये, कडेला अडवलेल्या स्लॅबसाठी हेच दुसऱ्या शब्दांत लिहिलंय: कडेला पकड किती आहे सांगता येत नाही, म्हणून मधल्या स्टीलच्या 50 टक्के स्टील वरच्या बाजूला, लांबीच्या दहाव्या भागापर्यंत द्या. ज्यांनी कोड लिहिला त्यांनाही ठामपणे सांगता आलं नाही, मग तुला कुठून येणार? त्याच कोडमध्ये लांबी भागिले खोली याचे मूळ आकडे आहेत: कॅन्टिलिव्हरला, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या बीमला, 7, साध्या टेकूला 20, सलग बीमला 26. विद्यार्थी ते पाठ करतात. मी म्हणते, ते शेजारी शेजारी ठेवून वाच. टेकू सुधारला की किती पातळ बीम चालतो, त्याचाच तो हिशोब आहे.

आणखी दोन गोष्टी. गणपतीच्या मांडवात फळ्या बल्ल्यांना दोन-दोन खिळे मारून ठोकतात. खिळे मारले म्हणून फळी फिक्स्ड होत नाही, ती फक्त पळून जात नाही. सॉफ्टवेअरमध्येही मुलं फाउंडेशनला फिक्स्डचं बटण दाबतात आणि पुढं जातात. खाली काळी माती आहे की जांभा, हे त्या बटणाला माहीत नसतं. आणि तुझे 4.2 मिमी हे न तडकलेल्या, आज ओतलेल्या काँक्रीटचे आहेत. बीमला बारीक तडे गेले, काँक्रीट वर्षानुवर्षं भाराखाली सरकत राहिलं की झोळ सहज दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून लांबीच्या 250 व्या भागाची, म्हणजे तुझ्या बीमला 20 मिमीची मर्यादा दिली आहे. त्यात तू आरामात बसतोस.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर 4 फूट बाहेर आलेली गॅलरी आहे. स्वयंपाकघर लहान पडतं म्हणून गॅलरीच्या कडेनं विटांची भिंत बांधून तिथं ओटा घ्यायचा विचार आहे. सासूबाई म्हणतात, तुळशीचं वृंदावनही कडेलाच हवं, खालून येणाऱ्याला दिसेल असं. गवंडी म्हणतो, काही होत नाही, फार तर पुढं दोन पोल देऊया.
— एक वाचिका, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : ताई, नको. आधी नको म्हणते, मग कारण सांगते, नाहीतर कारण वाचता वाचता विटा येऊन पडतील.

गॅलरीला एकाच बाजूनं टेकू आहे, भिंतीकडून. बाहेरचं टोक अधांतरी. अशा स्लॅबवर वजन किती आहे यापेक्षा ते कुठं आहे हे जास्त नडतं. तेच वजन सगळीकडे पसरून ठेवण्याऐवजी कडेला ठेवलं की टोक 2.67 पट जास्त खाली जातं. चार इंची भिंत 8 फूट उंच बांधली तर तिचं वजन मीटरमागे अर्ध्या टनाहून जास्त भरतं, प्लास्टर वेगळं. गॅलरीत माणसं उभी राहणार म्हणून आम्ही चौरस मीटरला 300 किलो धरतो; तुमच्या 4 फुटी गॅलरीत ते मीटरमागे 360 किलो होतात, तेही पसरून. दोन्हीचा झोळ काढला तर ती भिंत एकटीच, गर्दीनं भरलेल्या गॅलरीच्या जवळजवळ चौपट टोक खाली ओढते. आणि माणसं आरती झाली की घरात जातात. भिंत जात नाही.

हे सगळं मुळाशी स्लॅब घट्ट धरली आहे असं समजून. मुळातच पकड सैल असली तर काय होतं, ते मी माझ्या खर्चानं शिकले आहे.

1991 ची गोष्ट. मी स्वतंत्र काम सुरू करून दोनच वर्षं झाली होती. एका दुकानाच्या दारावर 5 फूट पुढं आलेलं छत बांधायचं होतं. दोन जांभ्याच्या भिंतींवर 10 फुटी लिंटेल बीम आणि त्यातून पुढं निघालेली स्लॅब. मी पुस्तकातलं सूत्र लावलं, टोकाला 4 मिमी आले, खूश होऊन सही केली. सेंट्रिंग काढायच्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होते. संध्याकाळी आले तर गवंडी खाली उकिडवा बसून वर बघतोय. मला म्हणाला, ''अक्कार, बाग्याद री.'' वाकलंय म्हणे. पाणसळ लावून मोजलं तर टोक सात सूत खाली, 22 मिमी. शटरची पेटी स्लॅबला घासत होती.

सळ्या बरोबर, काँक्रीट बरोबर, खोली बरोबर. चुकलं ते एकच. मी मूळ फिक्स्ड धरलं होतं. पण ते मूळ म्हणजे नुसता बीम, आणि त्या बीमची टोकं दोन भिंतींवर नुसती टेकलेली. स्लॅबनं पुढं ओढलं तसा बीम स्वतःभोवतीच पिळला. मुळाशी थोडंसं फिरलं की पुढं 5 फुटांवर ते कितीतरी होतं, लांब दांड्याच्या झाऱ्यासारखं: मनगट जरा वळलं की पळी दुसऱ्याच भांड्यात. माझे 4 मिमी स्लॅबच्या स्वतःच्या वाकण्याचे होते. बाकीचे 18 त्या पिळण्याचे. ते छत मी तोडायला लावलं आणि स्लॅब आत दुकानावरही 5 फूट नेऊन पुन्हा ओतली, म्हणजे मागचं वजन पुढच्याला तोलून धरेल. मालक काही बोलला नाही. माझी फी त्यात गेली आणि वर घरातूनही घालावे लागले. वडील मागावर बसून म्हणाले, ताणा बांधायच्या आधी खुंटी हलवून बघायची असते, एवढं तुला आमच्या वडगावात कोणीही सांगितलं असतं.

आता तुमच्या गवंड्याचे पोल. पुढं पोल दिले की गॅलरी कॅन्टिलिव्हर राहत नाही, दोन टोकांवर टेकलेली होते. ऐकायला छान. पण तुमच्या गॅलरीतल्या जाड सळ्या वरच्या बाजूला आहेत, कारण अधांतरी स्लॅब वरून ताणली जाते. पोल दिल्यावर मधला भाग खालून ताणला जाईल, आणि तिथं नावापुरत्या बारीक सळ्या असतील. शिवाय आधीचं वजन स्लॅबनं उचलून झालेलं आहे. पोल फक्त पुढं येणारं वजन घेतात, तेही त्यांच्याखालची जमीन पक्की असेल तरच. अंगणातल्या भरावावर उभे केलेले पोल पहिल्या पावसात बसतात आणि गॅलरी पुन्हा अधांतरी होते, फक्त आता डोक्यावर भिंत असते.

एक काम करा. आणखी कोणाला विचारायच्या आधी गॅलरीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, भिंतीच्या कडेनं लांब आडवा तडा आहे का बघा. फरशी बसवली असेल तर फरशीच्या सांध्यात बघा. केसाएवढा जरी असला तरी इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा, फोनवर फोटो पाठवून भागणार नाही. बरेचदा ओतताना मजूर वरच्या सळ्यांवर पाय देऊन फिरतात, खाली त्यांना उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या नसल्या की सळ्या दोन इंच दबतात आणि नकाशावरची फिक्स्ड गॅलरी तिथंच संपते. ओट्यासाठी आतली भिंत सरकवता येईल का ते बघूया. तुळस गॅलरीत हवीच तर हलकी कुंडी घ्या आणि भिंतीला लागून ठेवा. सासूबाईंना सांगा, तुळस घराला दिसली पाहिजे, रस्त्याला नव्हे. ऐकतील असं नाही.

प्रश्न : उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. 18 मीटर रुंदीचं पत्र्याचं शेड, विटांच्या खांबांवर लोखंडी कैच्या. दोन उन्हाळे झाले. एकाच बाजूच्या खांबांना कैचीच्या प्लेटखाली तिरके तडे गेलेत, दुसरी बाजू ठणठणीत. पाया खचलाय का?
— एक कारखानदार, बेळगाव

उत्तर : पायाकडे जाण्याआधी शिडी लावून वर चढा. तडे गेलेल्या बाजूच्या प्लेटमधलं बोल्टचं भोक लांबट आहे का बघा, आणि असेल तर फॅब्रिकेटरनं तिथं वेल्डिंग मारलंय का तेही बघा. माझी पैज वेल्डिंगवर आहे.

कैचीला एक टोक पक्कं आणि एक सरकतं ठेवतात ते उगाच नाही. भार आला की कैचीचा खालचा दांडा ताणला जातो. चौरस मिमीला 100 न्यूटन ताण आला तर 18 मीटरचा दांडा 9 मिमी लांबतो. त्यात ऊन. पत्र्याखालचं लोखंड पहाटेपेक्षा दुपारी 25 अंशांनी जरी जास्त तापलं तरी आणखी 5.4 मिमी. ही लांबी कुठंतरी जायला हवी. लांबट भोक असलं तर टोक सरकतं, खांबाला पत्ताही लागत नाही. भोक बंद केलं तर कैची खांबाचा माथा बाहेर ढकलते, आणि विटेच्या खांबाला आडवं ढकललेलं सोसत नाही. पहिल्या पत्रातल्या आडव्या बीमला पिन काय, रोलर काय, फरक पडत नव्हता. इथं त्याच फरकानं खांब फुटतात.

वेल्डिंग ग्राइंडरनं काढा, प्लेट साफ करून मधे ग्रीस द्या, बोल्ट राहू द्या. बोल्ट अजिबात काढू नका. सरकतं टोक म्हणजे मोकळं टोक नव्हे. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उचलतात तेव्हा कैचीला खाली धरून ठेवणारा तोच. काम एकेका कैचीवर करा, खाली टेकू लावून, माणसं बाहेर काढून. आणि तडे फक्त प्लास्टरमध्ये आहेत की विटा फुटल्यात ते बघितल्याशिवाय शेड पुन्हा वापरू नका. विटा फुटल्या असतील तर खांबाला जॅकेट, म्हणजे भोवती काँक्रीटचं आवरण, करावं लागेल.

प्रश्न : चिकोडी तालुक्यात काळ्या रानात घर बांधून सहा वर्षं झाली. कोपऱ्याच्या कॉलमजवळ बीमला तडा आहे. मे महिन्यात तो रुंद होतो, श्रावणात जवळजवळ मिटतो. दर उन्हाळ्यात सिमेंट भरतो, दर वर्षी शेजारी नवा तडा. बीममध्ये स्टील कमी घातलं का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : तुमचा बीम चोर नाही. जमीन श्वास घेतेय. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि घराच्या कडेला हे सगळ्यात जास्त होतं, कारण मधली माती घराखाली झाकलेली असते. कोपऱ्याचा कॉलम दर वर्षी थोडा खाली जातो, थोडा वर येतो.

टेकू हलला तर बीमचं काय होतं, हेही टोकाच्या पकडीवरच ठरतं. आमच्या वडगावच्या जुन्या घरात सागवानी तुळया भिंतीत नुसत्या टेकवलेल्या होत्या. एक भिंत बसली तर तुळई तिरकी व्हायची, कौलं सरकायची, आजोबा शिव्या द्यायचे. तुळईला मात्र त्याचं काही वाटायचं नाही. आरसीसीत टोकं घट्ट धरलेली असतात, आणि जी पकड झोळ कमी करते तीच इथं उलटते. विद्यार्थ्याचाच 5 मीटरचा बीम घ्या. टोकं पक्की असतील तर मीटरला 20 किलोन्यूटनच्या भारानं टोकाला 42 किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतं. भार काहीच नसताना नुसतं एक टोक 10 मिमी खचलं तर 94. दुपटीहून जास्त, आणि वर एक वीटही न ठेवता. प्रत्यक्षात तडे जाऊन आणि काँक्रीट सरकून यातलं बरंच निवळतं, म्हणून घर उभं आहे. पण तडा येणार हे ठरलेलंच.

मे महिन्यात सिमेंट भरणं आधी थांबवा. रुंद झालेल्या तड्यात तुम्ही पाचर ठोकताय. श्रावणात माती कॉलम वर उचलते, तडा मिटायला जागा नसते, मग तो शेजारी फुटतो. लवचीक सीलंट भरा, पाणी आत जाऊ नये एवढ्यापुरतं. तड्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरच्या टिकल्यांनी चिकटवून तारीख लिहा. पुढच्या वर्षभरात पट्टी कधी फुटते त्यावरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. घराभोवती सहा-सात फूट रुंद, बाहेर उताराचं पक्कं अंगण करा, पन्हाळीचं पाणी लांब सोडा, आणि कोपऱ्यालगत मोठं झाड असेल तर सांगा. मातीची ओल वर्षभर सारखी राहिली पाहिजे, एवढाच हेतू.

धाकट्या भावाचं घर पुढच्या वर्षी काढताय असं लिहिलंय. तिथं अंडर-रीम्ड पाइल्स करा. खाली फुगवटा असलेले आखूड पाइल, साधारण 12 फूट खोल. तिथली माती उन्हाळ्यातही ओलावा सोडत नाही. रुडकीच्या सीबीआरआय संस्थेनं अशाच काळ्या जमिनींसाठी ते तयार केले. प्लिंथ बीमखाली, म्हणजे जोत्याच्या बीमखाली, तीन इंच जागा रिकामी सोडायला सांगा, नाहीतर माती फुगून बीमलाच खालून ढकलेल. गवंडी ती जागा प्रेमानं मुरूम घालून भरून टाकतो. तिथं उभं राहा.

प्रश्न : पुस्तकांच्या फळ्या मधे झोळतात. 4 फूट लांब, दोन्ही टोकांना ब्रॅकेट. जाड फळी घेऊ का?
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : फळी तीच ठेवा, ब्रॅकेट सरकवा. दोन्ही ब्रॅकेट टोकापासून आत घ्या, लांबीच्या पाचव्या भागाहून जरा जास्त. तुमची फळी 120 सेंमीची, तर प्रत्येकी 26-27 सेंमी आत. बाहेर लोंबणारी टोकं खाली ओढतात तेव्हा मधला भाग वर उचलला जातो आणि उरलेला झोळ आधीच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी होतो. दोन स्क्रू काढायचे, दोन नवी भोकं पाडायची. भिंत जांभ्याची असेल तर लांब रावळप्लग घ्या, साधा टिकत नाही. आणि शब्दकोश, बांधीव अंक अशी जड पुस्तकं ब्रॅकेटच्या डोक्यावर ठेवा, टोकाला मुलांची चित्रांची पातळ पुस्तकं.

झोळलेली फळी बसवताना उलटी करा. हळूहळू सरळ होत जाईल.